पाठ बाहेर

आमच्या सरांना बसता येत नसे. पायात काही दोष होता असं नाही. खुर्ची दिसली की तिच्यावर काहीतरी ठेवायला त्यांना सुचायचं, स्वतःला ठेवायला मात्र कधी सुचलं नाही. त्यांच्या खोलीतल्या खुर्चीवर प्लास्टिक फिल्मच्या गुंडाळ्या, जुन्या प्रश्नपत्रिका आणि जेवणाचा डबा असे, आणि सर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत असत. मी त्यांच्याकडे पीएच.डी. केली ती सगळी चालत केली. माझ्या प्रबंधाचा आराखडा त्यांनी विभागाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत तपासला आणि मी त्यांच्यामागे सुटी पानं सांभाळत पळत होते. बैठकीतही ते दाराशी उभे राहत. कोणी बसा म्हटलं की म्हणत, "बसलो तं झोप लागते मले." हे साफ खोटं होतं. त्या माणसाला झोप कुठेच लागत नसावी.

दुसरी खोड वाकवण्याची. हाताला येईल ते वाकवून पाहायचं: एसटीचं तिकीट, पट्टी, स्टीलचा चमचा, माझं नवंकोरं ओळखपत्र. एकदा बाहेरगावच्या एका परीक्षकांनी टेबलावर ठेवलेलं त्यांचं कार्ड सरांनी बोलता बोलता उचललं, आणि ते मधोमध मोडलं. परीक्षक बघतच राहिले. माफी मागायची सोडून सरांनी खिशातून भिंग काढलं आणि मोडलेली कड त्यांनाच दाखवली, की पाहा, तडा कडेपासून सुरू झाला, मधून नाही. परीक्षकांनी पुढच्या वर्षी येण्याचं टाळलं.

गुरुपौर्णिमेला मी पाया पडायला गेले तर दोन पावलं मागे सरले. "वाकून दाखवणं फिल्मचं काम हाये," म्हणाले. "तू सरळ उभी राहा वं." हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. आता ते मला नको वाटतं. का, ते पुढे येईलच.

आमचं काम सांगायला सोपं होतं. सौर सेलच्या वरच्या थराला दोन कामं एकदम करावी लागतात: उजेड आत सोडायचा आणि वीज बाहेर काढायची. काचेइतकं पारदर्शक आणि तारेइतकं वाहक असं फार थोडं असतं. सगळे वापरतात तो इंडियमचा थर काचेवर झकास बसतो, पण प्लास्टिकवर देऊन वाकवला की पापडासारखा तडकतो. सरांना तर वाकणाराच सेल हवा होता. गुंडाळून पिशवीत टाकता येईल, छत्रीवर, तंबूवर, एसटीच्या टपावर पसरता येईल असा. आतला, वीज तयार करणारा पॉलिमर बिचारा वाकायला तयार असायचा, अडून बसायचा तो हा वरचा थर. त्याच्या जागी दुसरं काय घालायचं, याच्यामागे सर सगळं आयुष्य लागले होते. माझे बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन नागपुरात, नंदनवन भागात घर बांधून राहिलेले. लेकीनं उन्हाची वीज करणं म्हणजे त्यांना स्वतःच्याच पोटावर पाय वाटे, आणि कोळशानं तुला शिकवलं हे ते रोज चहाबरोबर ऐकवत.

सरांनी ग्राफिन करून पाहिलं, कार्बनच्या नळ्या करून पाहिल्या. मग एक दिवस किलोभर काजूकतली घेऊन आले. आम्हाला वाटलं, बढती झाली. तर त्यांना हवा होता वरचा वर्ख. चिमट्यानं सोलून तो प्लास्टिकवर चिकटवायचा, असा बेत. दोन तास आम्ही श्वास रोखून वर्ख सोलला आणि सगळ्या विभागानं टकली कतली खाल्ली. वीज त्या वर्खातून उत्तम वाहिली, उजेड मात्र आत जाईना. सरांनी फिल्म खिडकीशी धरली, तीत स्वतःचं तोंड पाहिलं आणि म्हणाले की हा तर आरसा झाला. दुसऱ्या दिवशी ते उमरेडच्या बसमधून उतरले तेच बोलत: सलग नको, जाळी पाहिजे. उजेड भोकांतून जाईल, वीज धाग्यांतून जाईल.

हे त्यांना बसमध्ये सुचलं याचं मला नवल वाटलं नाही. सर उमरेडच्या विणकराच्या घरचे. वडील मागावर बसत, नंतर थोरले भाऊ बसू लागले. नागपुरात घर घेणं सहज जमलं असतं, पण ते रोज उमरेडहून येत. याचंही त्यांच्याजवळ शास्त्रीय कारण होतं. शर्टाच्या खिशात ते फिल्मची पट्टी ठेवत. कोळशाच्या ट्रकांनी खणलेल्या त्या रस्त्यावरून एसटी जे हाल करते ते कुठल्याही यंत्राला जमणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एसटीत जे टिकलं ते जगात कुठेही टिकेल.

तर आम्ही चांदीच्या धाग्यांवर आलो. केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतके बारीक धागे, पातळ द्रावात तरंगणारे. सर तो द्राव प्लास्टिकवर सोडत आणि काचेच्या कांडीनं एका हातात, एका ओढीत पसरत. तेवढे पाच-सहा सेकंद तो माणूस स्थिर असे. आम्हाला कोणालाच ते जमलं नाही. आमच्या फिल्म ढगाळ यायच्या. म्हणून फिल्म करायच्या सरांनी आणि वाकवून मोजायच्या मी, अशी वाटणी झाली.

वाकवायचं यंत्र सरांनीच जुळवलं होतं. भंगारात निघालेल्या बसची वायपरची मोटर, तिला एक चिमटा, समोर पेन्सिलीएवढी जाड सळई. पट्टी सळईवर वाकायची, सरळ व्हायची, पुन्हा वाकायची, खट खट खट दिवसभर. शंभर वेळा वाकली की थांबवायचं आणि विजेला अडथळा किती झाला ते मोजायचं. पट्टी सळईवर वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. तडा जातो तो ताणानं. म्हणून खरी परीक्षा घ्यायची तर चांदी बाहेर हवी.

वहीबद्दल सरांचा कायदा कडक होता. प्रत्येक रीडिंगवर तारीख आणि ते का घेतलं याचं कारण. "तारीख नसलेलं रीडिंग म्हणजे अफवा," असं ते म्हणत. दुसरं, वही पाठपोट भरायची. मी उजव्या पानांवरच लिहिते आणि मागची बाजू कोरी सोडते हे पाहून ते विणकराच्या पोटतिडकीनं रागावले होते, की कागदाला पाठ असते, ती काय पाहायला दिली आहे का. तरी माझ्या पानांच्या पाठी कोऱ्याच राहत गेल्या.

आता चूक. फिल्म पारदर्शक असते, चांदी कुठल्या बाजूला आहे हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून सर प्रत्येक पट्टीचा एक कोपरा कापत, तो उजवीकडे वर धरला की चांदी आपल्याकडे, आणि पाकिटावर लिहीत, ‘पाठ बाहेर’. त्यात न समजण्यासारखं काय आहे? पाठ म्हणजे मागची बाजू, कोरी बाजू. शाळेपासून पाठपोट कागद लिहिलेली मी. सरांना कोरी बाजू बाहेर हवी असेल, त्यांचं काही गणित असेल, असं समजून मी पट्ट्या लावत गेले. सरांना विचारलं नाही. त्यांच्यामागे धावत विचारायचा कंटाळा यायचा, हेही एक कारण.

फिल्म टिकली. हजार वेळा वाकली तरी अडथळा जवळपास तेवढाच. सर आकडे पाहून खोलीबाहेर गेले, विभागाला अख्खी फेरी मारून आले आणि पुन्हा आकडे पाहिले. आम्ही निबंध लिहिला, एका चांगल्या नियतकालिकाला पाठवला, आणि तो स्वीकारला गेला. त्याच्यावर माझा प्रबंध उभा होता. त्याच्यावर सरांचा प्रकल्प पुढे चालायचा होता, नाहीतर प्रयोगशाळेची खोली काढून घेतील असं विभागात उघड बोललं जात होतं.

स्वीकृतीचं पत्र आलं त्या रविवारी मी संत्राबर्फी घेऊन उमरेडला सरांकडे गेले. सर अंगणात फेऱ्या मारत फोनवर बोलत होते. त्यांच्या भावांनी, ज्यांना सगळे दादा म्हणत, मला माग दाखवला. नवी साडी चढली होती. मी म्हटलं, काठ छान आहे, पण नक्षी अशी अंधुक का? सगळीकडे धाग्यांची टोकं लोंबताहेत.

"हे पोट हाये बाई," दादा म्हणाले. "चांगली बाजू खाली असते. पाठ पाहाची असन तं वाका लागते."

मी विचारलं, पाठ म्हणजे? ते हसले. त्यांच्या घरात विणताना कापडाचा चांगला चेहरा जमिनीकडे असतो. विणकराकडे असतं ते पोट, आणि खालची, लोकांनी पाहायची, ती पाठ. आजोबांपासून हाच शब्द आहे. मी गुडघे टेकून मागाखाली वाकले. वर काठावरची नक्षी लख्ख उमटलेली होती, एकही टोक दिसत नव्हतं. आणि मला पाकिटावरची अक्षरं दिसली. पाठ बाहेर. चांगली बाजू बाहेर. चांदी बाहेर. मी वर्षभर चांदी आत ठेवून वाकवत आले होते.

अंगणात सर अजून बोलत होते. मला पाहून त्यांनी फोनवर हात ठेवला आणि बर्फी चांगली आहे म्हणाले. मी परतीची बस धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी एक पट्टी उलटी करून लावली. तीनशेच्या आत ती मेली. अडथळा मोजायच्या पलीकडे गेला. जाळी टिकावी म्हणून सर वरून जो थर देत तो ताणला की तडकत होता आणि तडकताना धागेही घेऊन जात होता. मी स्वतःला म्हटलं, एका पट्टीनं काय होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरी लावली, मग तिसरी. रोज एक. मला खात्री करून घ्यायची होती असं मी मनाला सांगत होते. खात्री पहिल्याच सकाळी झाली होती. त्या दिवसांत मी नीट जेवले नाही, बाबांवर विनाकारण ओरडले, सरांची पावलं व्हरांड्यात वाजली की मोटर बंद करायचे आणि टेबलावर काहीतरी पसरायचे. एका कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. निबंध छापून यायला फार दिवस उरले नव्हते. एकदा छापून आला की मग कोण पुन्हा वाकवून पाहणार, हाही विचार मी केला. केला, तर लपवत नाही.

आणि सवय अशी वाईट, की प्रत्येक पट्टीची मी वहीत नोंद करत गेले. तारीख आणि कारण. जुन्या आकड्यांशी ताडून पाहता यावं म्हणून जुन्याच पानांच्या कोऱ्या पाठींवर. पहिल्या नोंदीवर लिहिलंय: ‘दादांच्या मागाखाली पाहिल्यानंतर, पट्टी पहिली.’

बाराव्या दिवशी मी व्हरांड्यात सरांना गाठलं आणि विचारलं की तुम्ही पाठ कशाला म्हणता. ते चालता चालताच म्हणाले, चांदीच्या बाजूला, अजून कशाला? मग मी सांगितलं. त्या दिवशी तरी ते बसतील असं मला वाटलं होतं. बसले नाहीत. उलट चाल वाढली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मी हातात एकच पान धरून उभी होते, शेवटच्या पट्टीचं, मुद्दाम वेगळ्या कागदावर उतरवलेलं. तिसऱ्या फेरीला ते माझ्यासमोर थांबले.

"कधी समजलं तुले?"

"काल," मी म्हटलं.

तो शब्द कुठून आला मला माहीत नाही. विचार करून बोलले असते तर बहुधा खरं बोलले असते.

"बरं झालं," सर म्हणाले. "लवकर समजलं."

निबंध त्यांनी त्याच दिवशी मागे घेतला. संपादकांना लिहिलेल्या पत्रात सगळा दोष स्वतःकडे: खूण माझी, शब्द माझा, मुलीनं जे वाचलं ते कोणीही वाचलं असतं. प्रकल्प पुढे चालला नाही. खोली दुसऱ्यांना गेली. वायपरची मोटर सरांनी पोत्यात घालून एसटीनं उमरेडला नेली. बढती न होताच ते निवृत्त झाले. माझा प्रबंध दीड वर्ष लांबला आणि खऱ्या आकड्यांवर, बेताचाच, पण झाला.

निरोपाच्या समारंभात त्यांच्यासाठी हार घातलेली खुर्ची ठेवली होती. सर तिच्यामागे उभे राहून बोलले. भाषणभर हार कुस्करत होते, फुलं खाली पडत होती.

मला नोकरी लागली ती त्यांच्या पत्रामुळे. मुलाखतीत अध्यक्षांनी त्यातला एक भाग मोठ्यानं वाचला. सरांनी लिहिलं होतं की हिला आपल्या कामातली चूक सापडली तेव्हा निबंध स्वीकारला गेला होता, कोणालाही कळलं नसतं, तरी ही दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली; हिच्या हाती विद्यार्थी निर्धास्त सोपवावेत. अध्यक्षांनी पत्र खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पुढचे प्रश्न सगळे सोपे होते. त्या नोकरीवर मी आजही आहे. पहिल्या तासाला मुलांना तारखेचं महत्त्व सांगते.

यंदाच्या उन्हाळ्यात सरांचे फोन सुरू झाले. दर रविवारी, सकाळी सकाळी, मागे मागाचा आवाज. त्यांना नवीन सुचलं होतं. चांदी बाहेर नको, आतही नको, दोन सारख्या जाडीच्या फिल्मच्या मधोमध घालायची, म्हणजे ती ताणलीही जाणार नाही, दबणारही नाही. "पाठ नको, पोट नको, मधात," असं म्हणाले आणि फोनवर पोरासारखे हसले. त्यासाठी माझे ते जुने आकडे हवे होते, चांदी आत असतानाचे. चुकून का होईना, असे आकडे आपल्याजवळच आहेत, वही आणून दे.

मी म्हटलं, शोधते. वही लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली होती, शोधायची काही गरज नव्हती. मी पानांचे फोटो काढून पाठवले, फक्त समोरच्या बाजूंचे. सरांचा लगेच फोन आला: पेन्सिलीच्या खुणा दिसून नाही राहिल्या, वहीच पाहिजे. एक दिवस मी पाठीमागच्या नोंदी फाडायला बसलेसुद्धा. पण फाडणार कशा? सरांना हवे ते आकडे समोर आणि माझे बारा दिवस त्यांच्याच पाठीवर. एकाच पानाला दोन्ही बाजू होत्या. वही पाठपोट भरायला लावली होती त्यांनीच.

चार रविवार मी वेगवेगळी कारणं दिली. पाचव्या रविवारी फोन आला नाही. त्यानं मला जास्त अस्वस्थ केलं. पुढच्या रविवारी मी वही पिशवीत टाकली आणि उमरेडची बस धरली.

माग चालू होता. दादा थकले आहेत, पण बसतात. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात वायपरची मोटर, तीच सळई, नवीन चिमटा. सर वाळले होते. त्यांनी वही घेतली आणि दाराशी उजेडात उभं राहून उघडली. एक पाय सारखा हलत होता. आकडे सापडले तसे ते बोटानं ओळी धरून वाचू लागले, मधेच दादांना सांगू लागले की हजार झाले तरी पाहा कशी टिकली आहे. मी म्हटलं, सर, पानं उलटू नका, मला आधी काही सांगायचं आहे. पण मागाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा मीच हळू बोलले असेन. त्यांनी पान उलटलं.

बोट पहिल्या नोंदीवर थांबलं. मग दुसऱ्या पानाच्या पाठीवर गेलं, मग तिसऱ्या. एकेक तारीख. माझं अक्षर फार स्वच्छ आहे, सगळे म्हणतात. बारावीपर्यंत ते सावकाश गेले आणि परत पहिलीवर आले. पाय हलायचा थांबला होता.

"मी तं पत्रात ‘दुसऱ्याच दिवशी आली’ असं लिहिलं होतं," सर म्हणाले. आवाज असा, की जणू लिहिण्यात त्यांचीच काही चूक झाली असावी.

मग त्यांनी मागे हात नेला, चाचपून दादांच्या मागाजवळचा पाट ओढला, आणि वही मांडीवर घेऊन सर बसले.

मी उभीच होते.